ब्रेक खाली लागतोय, पंप मारला की वर येतो: मारुती झेन, १९९८

घाटवाट:

नमस्कार मंडळी. गाडी १९९८ची मारुती झेन, कार्ब्युरेटरवाली. पुढे डिस्क, मागे ड्रम, व्हॅक्युम बुस्टर (पायाचा जोर वाढवणारा डबा) आहे, एबीएस नाही. पहिल्यांदा पाय ठेवला की पेडल निम्म्याच्याही खाली जातं आणि मऊ लागतं. लगेच परत दाबलं की वर येतं, बऱ्यापैकी कडक होतं. पाय काढून थोडा वेळ थांबलं की पुन्हा तेच.

झालेलं काम: पुढचे पॅड नवे, मागचे ब्रेक शू (ड्रमला आतून टेकणारे) नवे, शू ढकलणाऱ्या मागच्या दोन्ही व्हील सिलिंडरना किट (नवी रबरं) टाकलं, पुढचे कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारे) उघडून साफ केले, त्यानंतर दोनदा ऑइलमधली हवा काढली. टाकीतलं ब्रेक ऑइल कमी होत नाही. चाकांच्या आतल्या बाजूला ओल नाही. हॅन्डब्रेक मात्र उत्तम, दुसऱ्या-तिसऱ्या दातालाच गाडी धरतो. गॅरेजचं म्हणणं आहे, आता मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ऑइल चाकांकडे ढकलणारा) बदला.

मास्टर घेण्याआधी दोष खरंच तिथेच आहे हे घरच्या घरी कसं ठरवायचं? गाडी कुंभार्ली घाटाने चिपळूणला ये-जा करते, त्यामुळे हे अर्धवट सोडून चालणार नाही.


पाना_बारा:

मास्टरचे पैसे आत्ताच देऊ नका. तुम्ही सांगितलेली लक्षणं त्याच्याकडे बोट दाखवत नाहीत. आणि पहिल्या दाबात ब्रेक मिळत नाही तोवर ही गाडी घाटात उतरवू नका. वळणावर दुसरा पंप मारायला वेळ मिळेलच असं नाही.

"ब्रेक खाली लागतो" या एका तक्रारीखाली तीन वेगळे रोग असतात. हवा काढणं हा त्यातल्या एकाचाच इलाज आहे, म्हणून दोनदा हवा काढूनही फरक पडत नाही. निदान पायानेच होतं. इंजिन बंद ठेवा, पेडल पाच-सहा वेळा दाबून बुस्टरमधला व्हॅक्युम संपवा, म्हणजे पायाला खरं काय ते कळेल.

आता पेडल एकदा नेहमीच्या जोराने दाबा, कुठे थांबलं ते बघा, आणि लगेच पटापट दोन-तीनदा दाबा. पेडल दर वेळी वर येत असेल आणि वर आल्यावर ठणठणीत कडक असेल, तर सिस्टीममध्ये हवा नाही. ऑइलला भरून काढावी लागणारी जागा जास्त झाली आहे. ही जागा बहुतेक वेळा मागच्या शू आणि ड्रममधली फट असते. क्वचित पुढच्या चाकाचं बेअरिंग ढिलं किंवा डिस्क वाकडी असते आणि ती पॅडना मागे ढकलत राहते. याउलट पेडल वर येऊनही पायाखाली दबत असेल, परत ढकलल्यासारखं वाटत असेल, तर हवा आहे, किंवा रबरी पाइप फुगतोय, किंवा कॅलिपर पिनांवर अडकून वाकतोय.

पंप मारला की वर का येतं तेही समजून घ्या. पाय काढला की स्प्रिंग शूना मागे ओढतात आणि ऑइल टाकीकडे परतायला लागतं. ते पूर्ण परतायच्या आत दुसरा दाब आला, तर मास्टर टाकीतून आणखी ऑइल घेतो आणि तेवढी फट आधीच भरलेली असते. थांबलं की सगळं परत जातं. म्हणूनच तुमचं पेडल पुन्हा खाली येतं.

दुसरी चाचणी: पंप मारून पेडल वर आणा आणि मध्यम जोराने मिनिटभर धरून ठेवा. मग तेच अगदी हलक्या पायाने करा. पेडल हळूहळू खाली सरकलं तर एकतर बाहेर गळती आहे किंवा मास्टरमधलं रबर ऑइल मागे सोडतंय. हलका पाय मुद्दाम सांगतोय. जोराने दाबल्यावर रबराची कड सिलिंडरच्या भिंतीला घट्ट बसते आणि झिजलेलं रबरही तग धरतं. हलक्या दाबाला तेच रबर उघडं पडतं. ही चाचणी फक्त जोरात दाबून करणारे लोक खराब मास्टरला चांगला म्हणून सोडून देतात.

तिसरी चाचणी तुमच्या गाडीसाठी सगळ्यात महत्त्वाची. हॅन्डब्रेक पूर्ण ओढा आणि मग पेडल दाबा. पहिल्याच दाबाला पेडल लक्षणीय वर थांबलं, तर मागच्या शूची फट हाच दोष. हॅन्डब्रेकने शू आधीच ड्रमला टेकवले, त्यामुळे ऑइलला ते काम उरलं नाही.

फट किती महागात पडते त्याचा हिशेब बघा. समजा मास्टरचा बोअर (आतला व्यास) पाऊण इंच म्हणजे १९ मिमी आहे आणि पेडलचं प्रमाण ४ ला १ आहे, म्हणजे पेडल ४ मिमी गेलं की पिस्टन १ मिमी सरकतो. सिस्टीमने १ मिलि ऑइल जास्त मागितलं, तर मास्टरचा पिस्टन साडेतीन मिमी जास्त सरकतो आणि पेडल १४ मिमी खाली जातं. मागच्या व्हील सिलिंडरचा बोअर १७.५ मिमी धरा. चारही पिस्टनना फक्त १ मिमी जास्त सरकावं लागलं, तरी जवळपास १ मिलि ऑइल जातं. म्हणजे शूकडची एवढीशी फट पायाखाली दीड सेंटिमीटरची होते.

बुस्टरला यात ओढू नका. तो बिघडला तर पेडल जड होतं, मऊ नाही. पेडल दाबून धरून इंजिन चालू केल्यावर ते थोडं खाली जातं. ते जायलाच हवं, ती बुस्टर चांगला असल्याची खूण आहे.


ड्रमवाला_कराड:

वरच्या सगळ्याला दुजोरा. तुमच्या पोस्टमधलं एक वाक्य फार बोलकं आहे: हॅन्डब्रेक दुसऱ्या-तिसऱ्या दाताला धरतो. त्याला तुम्ही उत्तम म्हणताय, मला दोष तिथेच दिसतोय.

या ड्रममध्ये दोन शूच्या मध्ये एक पट्टी असते, तिला दातांचं ऑटो अ‍ॅडजस्टर असतं. लायनर (शूवरचा घासणारा थर) झिजेल तसा तो एकेक दात पुढे सरकतो आणि शू ड्रमच्या जवळ ठेवतो. पण त्यासाठी हॅन्डब्रेक सोडल्यावर शूवरचा हॅन्डब्रेकचा लिव्हर पूर्ण मागे, त्याच्या अटकावाला टेकलेला असावा लागतो. नवे शू टाकताना अनेक ठिकाणी अ‍ॅडजस्टर बंदच ठेवतात, ड्रम सहज चढावा म्हणून. मग हॅन्डब्रेक ढिला लागतो, आणि त्यावर उपाय म्हणून आत काही न बघता वरून केबल आवळतात. केबल आवळली की लिव्हर अटकावापासून सुटतो, अ‍ॅडजस्टरचा हिशेब चुकतो आणि तो पुन्हा कधी दात घेत नाही. हॅन्डब्रेक झकास, पायाचा ब्रेक पाताळात. मग हवा काढा, मास्टर बदला, काहीही करा, पेडल वर येत नाही.

करायचं असं. गाडी सपाट जागेवर, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी पाचर, पहिला गिअर, हॅन्डब्रेक खाली. चाकाचे नट जमिनीवरच थोडे सैल करा, मग मागून जॅक लावून बॉडीच्या ठरलेल्या जागी दोन घोड्या (जॅक स्टँड). फक्त जॅकवर गाडी ठेवून हात आत घालू नका. हॅन्डब्रेकच्या मुळाशी केबलचे अ‍ॅडजस्टिंग नट असतात, ते इतके ढिले करा की केबल लोंबली पाहिजे. या पायरीला बगल दिली तर पुढचं सगळं वाया.

ड्रम काढा. कडेला गंजाची किंवा झिजेची उंच कड असेल तर ड्रम शूवर अडकतो. हातोड्याने कडेवर ठोकू नका, बिडाचा तुकडा उडतो. आतली धूळ कॉम्प्रेसरने उडवायची नाही. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका.

मग हे पाहा. दोन्ही बाजूंचा हॅन्डब्रेकचा लिव्हर अटकावाला टेकतोय का. अ‍ॅडजस्टरचे दात हाताने मागेपुढे हलतात का, की गंजून एकजीव झालेत. त्याची छोटी स्प्रिंग जागेवर आहे का, ताण आहे का. अ‍ॅडजस्टरचे डावे-उजवे भाग वेगवेगळे असतात आणि अदलाबदल झाली की बसतात खरे, पण काम करत नाहीत, म्हणून दोन्ही ड्रम एकाच वेळी पूर्ण उघडू नका. एक बाजू नमुन्याला जशीच्या तशी ठेवा आणि तिचा फोटो काढा. कोकणच्या पावसाळ्यात फिरणाऱ्या गाड्यांत हे दात हमखास जाम होतात. तारेच्या ब्रशने साफ करून ब्रेकसाठीचं उष्णता सोसणारं ग्रीस अगदी पुसल्यासारखं लावा. बॅकिंग प्लेटवर (शूमागच्या पत्र्यावर) शू जिथे घासतात तिथे खाच पडली असेल तर शू तिच्यात अडकतो आणि पूर्ण परत येत नाही. तिथेही घासून तेवढंच ग्रीस. लायनरला बोटही ग्रीसचं लागू देऊ नका.

व्हील सिलिंडरच्या धुळीच्या रबराची कड बोटाने उचलून बघा. आत दमटपणा एक वेळ चालतो, ऑइलचा थेंब ओघळला तर तो सिलिंडर गेला. किट टाकलंय म्हणताय, पण आतल्या भिंतीला गंजाचे खड्डे असतील तर नवं रबर थोड्याच दिवसांत फाटतं. अशा वेळी अख्खा सिलिंडर, आणि दोन्ही बाजूंचे एकदम.

आता माप. व्हर्नियरने ड्रमचा आतला व्यास दोन-तीन दिशांनी घ्या, मग शू बसलेले असताना लायनरचा बाहेरचा व्यास घ्या. अ‍ॅडजस्टर एकेक दात सरकवत लायनरचा व्यास ड्रमपेक्षा साधारण अर्धा मिमी कमी राहील इथपर्यंत आणा. ड्रम चढवा, हाताने फिरवा. हलकी घासल्याची कुरकुर चालेल, ओढ लागता कामा नये. दोन्ही बाजू झाल्यावर पेडल दहा-बारा वेळा नीट दाबा, म्हणजे शू मध्यावर येतात आणि अ‍ॅडजस्टरला उरलेला दात घ्यायचा असेल तर तो घेतो. सगळ्यात शेवटी, आणि शेवटीच, हॅन्डब्रेकची केबल. साधारण पाच ते आठ दातांत गाडी धरली पाहिजे आणि हॅन्डब्रेक पूर्ण खाली असताना दोन्ही चाकं मोकळी फिरली पाहिजेत.


घाटवाट:

दोघांचेही आभार. चाचण्या केल्या. हॅन्डब्रेक ओढून पेडल दाबलं तर पहिल्याच दाबाला खूप वर थांबतं. मिनिटभर धरून ठेवलं, जोराने आणि हलक्या पायाने, दोन्ही वेळा जागचं हललं नाही. पण पंप मारून वर आणल्यावरही अगदी ठणठणीत नाही, किंचित दबतंय. म्हणजे फटही आहे आणि हवाही, असं असू शकतं का? आणि हवेचा भाग पाइपला क्लॅम्प लावून शोधावा असं एका ठिकाणी वाचलं, ते करू का?


रत्नांग्री:

असू शकतं, नव्हे, बऱ्याचदा दोन्ही असतंच. पण क्रम बदलू नका. आधी ड्रमवाल्यांनी सांगितलेलं मागचं अ‍ॅडजस्टमेंट, मग हवा. शू लांब असताना हवा काढली तर दर दाबाला अर्धं ऑइल फट भरण्यातच जातं आणि बुडबुडे जागच्या जागी मागेपुढे होत राहतात.

क्लॅम्पबद्दल माझं मत स्पष्ट आहे: इतक्या जुन्या गाडीचे मूळ रबरी पाइप असतील तर क्लॅम्प लावू नका. आतला थर तुटतो, बाहेरून दिसत नाही, आणि तो फडफडणारा तुकडा पुढे ऑइल परत येऊ देत नाही. मग एक चाक धरून राहतं आणि नवाच शोध सुरू होतो. त्यापेक्षा कोणाला तरी पेडल जोरात दाबायला सांगा आणि प्रत्येक पाइपभोवती हाताची मूठ ठेवा. फुगलेला कळतो. पाइप वाकवून बघा, बारीक भेगा दिसल्या तर सगळेच नवे टाका. बदलताना जिथे पोकळ बोल्ट आहे तिथे दोन्ही बाजूंचे तांब्याचे वायसर नवे. जुने वायसर एकदा दबलेले असतात, ते झिरपतात.

आता हवा अडकण्याचं कारण, जे मला तुमच्या पहिल्या पोस्टमध्येच खटकलं. कॅलिपर उघडून साफ केले होते, बरोबर? मग पुढची चाकं काढून बघा, हवा काढायचं निपल कॅलिपरच्या वरच्या टोकाला आहे का. डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसला की निपल खाली येतं. बसायला दोन्ही बसतात. पण हवा वरच्या टोकाला साठते आणि खालच्या निपलमधून फक्त ऑइल येतं, अगदी स्वच्छ, बिनबुडबुड्यांचं. कितीही बाटल्या ओता, तो हवेचा गोळा तिथेच राहतो.

निपल वरच असेल तर कॅलिपरच्या सरकत्या पिना हाताने मागेपुढे होतात का बघा. एक पिन जाम असेल तर पॅड तिरका झिजतो, आणि ब्रेक दाबल्यावर कॅलिपर सरकण्याऐवजी पिळतो. ते पायाला हवेसारखंच मऊ लागतं. पिना साफ करून रबराला न खाणारं सिलिकॉन ग्रीस लावा. साधं चाकाचं ग्रीस लावलं तर रबरी बूट फुगून पिन पुन्हा अडकते.

हवा काढण्यासाठी: ५०० मिलिच्या दोन सीलबंद बाटल्या, टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या प्रकाराच्या. डॉट ३ लिहिलं असेल तर डॉट ४ चालतं, दोन्ही ग्लायकोलवर आधारित आहेत. सिलिकॉनचं डॉट ५ मात्र अजिबात नको, ते यांच्यात मिसळत नाही. नवं डॉट ३ किमान २०५ अंशांना उकळतं, डॉट ४ किमान २३० अंशांना. ३.७ टक्के पाणी शोषल्यावर हेच आकडे १४० आणि १५५ वर येतात. घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय असला तर कॅलिपरमधलं ऑइल तिथपर्यंत तापू शकतं. वाफ होते, पेडल एकदम जमिनीला टेकतं, आणि गाडी थंड झाल्यावर सगळं नीट वाटतं. तुमचा दोष थंड गाडीतही आहे, त्यामुळे तो हा नाही. पण कुंभार्लीसाठी डॉट ४ भरा, दर दोन वर्षांनी बदला आणि उतरताना गिअर खालचा ठेवा.

बाकी सामान: निपलच्या मापाचा रिंग पाना, कारण फिक्स पान्याने निपलच्या कडा गोल होतात. पाच-सहा मिमी भोकाची पारदर्शक नळी, एक बाटली, एक मोठी सिरिंज आणि पेडलवर बसायला एक समजूतदार माणूस. निपल गंजलेलं असेल तर आदल्या रात्री गंज सोडवणारं ऑइल मारून ठेवा, दुसऱ्या दिवशी हलकं ठोकून मगच फिरवा. तुटलेलं निपल म्हणजे नवा सिलिंडर.

टाकीतलं काळं ऑइल सिरिंजने काढा, नवं भरा. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, पेडल शेवटचे दोन-तीन इंच खाली जाणार नाही असा. जुन्या मास्टरमध्ये पिस्टन रोज जिथवर जातो त्याच्या पुढच्या भागात गंज आणि गाळ असतो. हवा काढताना पेडल तळापर्यंत गेलं की रबर त्या खडबडीत भागावर घासतं. चांगला मास्टर हवा काढल्यावर बिघडला असं जे ऐकू येतं, त्याचं मूळ अनेकदा इथे असतं.

नळीचं एक टोक निपलला, दुसरं बाटलीतल्या थोड्या ऑइलमध्ये बुडवलेलं. पेडलवरच्या माणसाने हळू दाबायचं आणि "धरलं" म्हणायचं. तुम्ही निपल पाव ते अर्धा फेरा सोडा, ऑइल येईल, पेडल ठोकळ्याला टेकेल. निपल आवळा, मग तुम्ही "सोड" म्हणा. तुमच्याआधी त्याने पाय उचलला तर नळीतून सगळं परत ओढलं जातं. पटापट पंप मारून मग निपल सोडायची सवय आहे अनेकांना, ती टाळा. जोरात पंप मारल्याने एका बुडबुड्याचे शंभर बारीक होतात. दर पाच-सहा दाबांनंतर टाकी बघा. ती एकदा रिकामी झाली की हवा मास्टरमध्ये गेली आणि काम शून्यापासून सुरू.

चाकांचा क्रम गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे. आपल्याकडे मास्टर उजवीकडे, त्यामुळे सगळ्यात लांब मागचं डावं, सुरुवात तिथून. ज्या गाड्यांची लाइन कर्णरेषेत विभागलेली असते, त्यांत मागच्या डाव्यानंतर पुढचं उजवं, मग मागचं उजवं आणि पुढचं डावं. कॅलिपरला हवा काढताना लाकडी दांड्याने हलकं ठोका, भिंतीला चिकटलेले बुडबुडे सुटतात.

रंगावर ऑइल सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, पुसत बसू नका. आणि सिस्टीमचा कुठलाही भाग पेट्रोल, डिझेल किंवा रॉकेलने धुऊ नका. या तेलांच्या अंशानेही आतलं रबर फुगतं.


पाना_बारा:

रत्नांग्रींच्या पोस्टला एक जोड. हवा उरली आहे का हे बघायला टाकीचं झाकण काढा, डोळ्यांना चष्मा लावा, आजूबाजूच्या रंगावर फडकं टाका. कोणाला तरी पेडल वीसेक वेळा भरभर दाबून धरायला सांगा, मग झटकन सोडायला सांगा. सोडताना टाकीत ऑइलचं जोरदार कारंजं उसळलं, तर लाइनमध्ये दबलेली हवा ते परत ढकलतेय. हलकी हालचाल दिसली तर ते नेहमीचंच.

मास्टरचं म्हणाल तर पेडल हलक्या पायालाही सरकत नाही, म्हणजे आतलं रबर ऑइल धरतंय. ऑइलही कमी होत नाही, त्यामुळे मागच्या सीलमधून बुस्टरमध्ये गळण्याचा प्रश्न नाही. मास्टर राहू द्या. पुढे कधी बदलायची वेळ आली तर किट न टाकता अख्खा घ्या, आणि गाडीला लावण्याआधी बाकावर शिकंज्यात धरून, दोन्ही तोंडांतून नळ्या परत टाकीत सोडून, त्याची हवा काढा. कोरडा मास्टर तसाच बसवला तर त्यातली हवा चाकांकडून काढता काढता दिवस जातो.


घाटवाट:

काम झालं, कळवतो. मागच्या डाव्या बाजूचे अ‍ॅडजस्टरचे दात गंजून जाम होते, उजवीकडचा मोकळा होता पण पहिल्याच दातावर. हॅन्डब्रेकचा लिव्हर दोन्हीकडे अटकावापासून सुटलेला. केबल पूर्ण ढिली करून, डावा अ‍ॅडजस्टर नवा टाकून माप लावलं. तेवढ्याने पेडल वर आलं. पुढचे कॅलिपर खरोखर उलटसुलट बसले होते, निपल खाली. जागेवर लावून हवा काढली, आता पेडल पहिल्याच दाबाला वर थांबतं आणि कडक आहे.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. उजव्या ड्रमला आत खोल रेघा आहेत, लेथवर टर्निंग करावं का? आणि नव्या शूंवर फक्त मध्यभागी घासल्याच्या खुणा आहेत, कडांना नाहीत. हे चालेल?


ड्रमवाला_कराड:

दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. ड्रम झिजला किंवा टर्निंग केला की त्याची गोलाई मोठी होते. नवा शू मूळ गोलाईचा असतो, म्हणून तो आधी मध्यभागीच टेकतो. थोड्या फरकाला हरकत नाही, काही शे किलोमीटरमध्ये बसून जातो, तोवर पेडलला किंचित लवचीकपणा राहील. मोठ्या फरकात शू मधून टेकून कडांना वाकतो आणि मऊपणा जात नाही. अशा वेळी लायनर ड्रमच्या गोलाईला घासून देणारा कारागीर गाठा. लायनर चिकटवणाऱ्या जुन्या दुकानांत हे काम अजून होतं.

टर्निंगआधी ड्रमवर कोरलेला कमाल व्यास वाचा. रेघा काढल्यावर त्या आकड्याच्या आत भरपूर जागा उरत असेल तरच करा, कारण पुढची झीज त्यातूनच जाणार आहे. आकड्याच्या जवळ पोचत असेल तर ड्रम नवा घ्या. पातळ ड्रम तापल्यावर पसरतो आणि नेमका घाटात पेडल पुन्हा खाली जातं. टर्निंग करायचं तर दोन्ही ड्रम एकाच मापाला. एकच केलात तर त्या चाकाची फट वेगळी राहील आणि ब्रेक एका बाजूला ओढेल. काम झाल्यावर शूचं माप पुन्हा लावायचं, आत्ताचं अ‍ॅडजस्टमेंट जुन्या व्यासाचं आहे.

रस्त्यावर काढताना आधी उभ्या गाडीत इंजिन चालू करून पेडल तपासा. मग मोकळ्या सपाट रस्त्यावर ३०च्या वेगाने हळू थांबा, असं बरेचदा, मध्ये थोडं अंतर जाऊ देत. लगेच करकचून ब्रेक मारला तर नवे लायनर चकाकून गुळगुळीत होतात आणि पकड जाते. पाच-सात किलोमीटरनंतर ब्रेक न लावता गाडी आपोआप थांबू द्या आणि प्रत्येक चाकाजवळ हाताचा मागचा भाग न्या. एकच मागचं चाक जास्त तापलं असेल तर त्या बाजूचा अ‍ॅडजस्टर एक दात जास्त गेलाय किंवा केबल अजून ताणलेली आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीची पातळी, चारही निपल आणि पाइपचे जोड कोरड्या फडक्याने पुसून बघा, मगच कुंभार्ली.